वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमधील सुरक्षितता

वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करणाऱ्या किंवा अशा लॅबच्या शेजारी राहणाऱ्या वाचकांकडून या महिन्यासाठी आम्ही प्रश्न मागवले होते. मराठवाड्याच्या सर्व आठ जिल्ह्यांतून पत्रे आली असून त्यांतील निवडक येथे घेतली आहेत. बहुतेक पत्रांत एचआयव्ही किंवा क्षयाच्या ‘पॉझिटिव्ह’ नमुन्याची धास्ती आहे. सुईला टोपण घालणे, बाटलीतले द्रव दुसऱ्या बाटलीत ओतणे, फरशी पुसणे अशा रोजच्या कामांबद्दल मात्र फार थोड्यांनी विचारले आहे. आमच्या मते खरा धोका या रोजच्या कामांत अधिक असल्याने उत्तरे देताना आम्ही वारंवार तिकडे वळलो आहोत.

प्रश्न : मी एका खासगी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रक्त काढून झाल्यावर सुईला टोपण घालताना ती माझ्या बोटात शिरली. मालकांनी स्पिरिट लावायला सांगितले आणि रुग्ण ‘चांगल्या घरचा’ असल्यामुळे काळजीचे कारण नाही, असे ते म्हणाले. आज चौथा दिवस आहे. हेपेटायटिस ‘बी’च्या लशीचे दोन डोस मी घेतले होते, तिसरा राहून गेला. आता काय करावे? (तंत्रज्ञ, परभणी)

अंक छापून हाती येईपर्यंत फार उशीर झाला असता, म्हणून या वाचकाला आम्ही पत्र मिळताच स्वतंत्रपणे कळवले. इतरांसाठी तेच उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

सुई टोचल्यावर पहिल्या काही मिनिटांत करायचे काम अगदी साधे आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. बोट दाबून रक्त काढू नये, तोंडात घालू नये आणि त्यावर स्पिरिट, हायपो (लॅबमधील जंतुनाशक) किंवा टिंक्चर ओतू नये, कारण त्यामुळे संसर्ग टळत नाही, उलट त्वचेची हानी होते. रक्त डोळ्यांत उडाले असेल तर डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत. त्यानंतर जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे तेथे मिळतात. पहिली मात्रा शक्यतो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत घ्यावी लागते, आणि एकदा सुरू केलेले औषध २८ दिवस न चुकता घ्यावे लागते.

आपल्या बाबतीत ७२ तास उलटून गेले आहेत, त्यामुळे ती औषधे आता सहसा सुरू केली जात नाहीत. परंतु आपल्या पत्रात खरी काळजीची गोष्ट एचआयव्ही नसून अपुरे राहिलेले लसीकरण आहे. दूषित सुई टोचल्यास एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता सरासरी ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन इतकी असते. हेपेटायटिस ‘सी’ची शक्यता दोन टक्क्यांच्या आत मानली जाते. ज्याच्यात प्रतिकारशक्ती नाही अशा व्यक्तीला हेपेटायटिस ‘बी’ होण्याची शक्यता मात्र रुग्णाच्या रक्तातील विषाणूंच्या प्रमाणानुसार ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. म्हणून आजच डॉक्टरांकडे जाऊन लशीचा राहिलेला डोस घ्यावा आणि हेपेटायटिस ‘बी’, ‘सी’ व एचआयव्ही या तिन्हींची आपल्या रक्ताची आरंभीची तपासणी करून घ्यावी. हेपेटायटिस ‘बी’विरोधी इम्युनोग्लोब्युलिनची (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची) गरज आहे का, हेही विचारावे. ते पहिल्या २४ तासांत दिलेले उत्तम, पण सात दिवसांपर्यंत देण्याला अर्थ असतो, आणि आपल्याकडे अजून तीन दिवस आहेत. लशीचा तिसरा डोस झाल्यावर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांचे प्रमाण तपासून घ्यावे. ते मिलिलिटरमागे दहा मिली-इंटरनॅशनल युनिट्सपेक्षा कमी असेल, तर लस घेऊनही संरक्षण मिळालेले नाही असे समजतात.

रुग्ण ‘चांगल्या घरचा’ असणे हा वैद्यकीय निकष नाही. लॅबच्या रजिस्टरमध्ये त्याचे नाव आहे. त्याला विश्वासात घेऊन, त्याची संमती मिळवून तपासणी करता येते. ती नकारार्थी आली तर आपली निम्मी झोप परत येईल. दुसरे असे की, झालेला प्रसंग दिनांक, वेळ, सुईचा प्रकार आणि कोणते काम चालू होते, एवढ्या तपशिलासह लेखी नोंदवून त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्यानुसार आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थेने कर्मचाऱ्यांना सुरक्षित वातावरण, सावधगिरीची साधने, प्रशिक्षण आणि गरज पडल्यास ही प्रतिबंधक औषधे उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. नोंद मागणे म्हणजे मालकांशी भांडण नव्हे, हे त्यांनीही समजून घ्यावे.

आता मूळ कारणाकडे येऊ. वापरलेल्या सुईला टोपण घालणे ही आपल्याकडच्या लॅबमधील सर्वांत जुनी आणि सर्वांत महागात पडणारी सवय आहे. एका हातात टोपण, दुसऱ्या हातात सुई आणि समोर पुढचा रुग्ण बाही वर करून बसलेला, अशा घाईत सुई टोपणाच्या कडेवरून घसरते आणि टोपण धरलेल्या बोटात शिरते. टोपण घालण्याची सवय का जात नाही, याचे उत्तर पुष्कळदा खोलीच्या मांडणीत सापडते. रक्त पुढच्या खोलीत काढतात आणि नीडल कटर आतल्या बेसिनजवळ असतो. मधल्या दहा पावलांसाठी टोपण घातले जाते. कटर आणि सुया टाकण्याचा पांढरा डबा रक्त काढण्याच्या खुर्चीच्या बाजूला, हात लांब केला की पोहोचेल असा ठेवला आणि तो तीन-चतुर्थांश भरताच बदलला, तर टोपण घालण्याचे कारणच उरत नाही. सिरिंजने काढलेले रक्त ट्यूबमध्ये भरतानाही ट्यूब एका हातात धरून तिच्या बुचातून सुई खुपसू नये. सुई कटरमध्ये काढून, ट्यूबचे झाकण उघडून, रक्त कडेने हळूच सोडावे. त्यामुळे तांबड्या पेशीही फुटत नाहीत आणि पोटॅशियमचा अहवाल चुकत नाही.

प्रश्न : आमच्या येथे एचआयव्ही पॉझिटिव्ह नमुन्यावर लाल स्टिकर लावतात आणि तो हाताळताना एकावर एक दोन हातमोजे घालायला सांगतात. बाकीचे नमुने उघड्या हातांनीच हाताळले जातात. हे योग्य आहे का? (डीएमएलटी या लॅब-तंत्रज्ञान पदविकेची विद्यार्थिनी, नांदेड)

योग्य नाही. स्टिकर नसलेला नमुना सुरक्षित आहे असे सांगणारी कोणतीही सोय आपल्याकडे नसते. संसर्ग झाल्यानंतर काही आठवडे तपासणी नकारार्थी येऊ शकते, आणि ज्याच्या नमुन्यावर फक्त ‘साखर’ लिहिले आहे, त्याची हेपेटायटिसची तपासणी कोणीच केलेली नसते. याच कारणाने अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८७ मध्ये प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य आहे असे गृहीत धरूनच काम करावे, असा नियम घालून दिला आणि आज जगभर तोच पाळला जातो. शिवाय लाल स्टिकरमुळे रुग्णाची गोपनीयता जाते. लहान गावात ती एकदा गेली की परत मिळत नाही. हातमोज्यांचा एकच थर, पण प्रत्येक नमुन्याला, आणि मोजा काढल्यावर हात धुणे, एवढे पुरे आहे. हातमोजे घातलेल्या हातांनी मोबाइल, दाराची कडी आणि संगणकाचा कीबोर्ड यांना हात लावू नये, हेही याच उत्तरात सांगून ठेवतो.

प्रश्न : सोडियम हायपोक्लोराइट किती तीव्रतेचे करावे आणि ते किती दिवस चालते? सफाईच्या वेळी आमच्या लॅबमध्ये एकदा अचानक असा उग्र वास आला की सर्वांना खोकत बाहेर पळावे लागले. (लॅबचालक, जालना)

हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, दूषित नमुने आणि साधने निर्जंतुक करण्यासाठी १ ते २ टक्के तीव्रतेचे वापरतात. बाजारातील कॅनवर पाच टक्के लिहिलेले असेल, तर एक भाग हायपोत चार भाग पाणी घातल्यास एक टक्क्याचे द्रावण होते; दहा टक्क्यांचे असेल तर नऊ भाग पाणी घालावे. कॅनवरील आकडा मात्र तो कारखान्यातून निघाला त्या दिवसाचा असतो. उष्णता आणि उजेड यांमुळे हायपोतील क्लोरीन सतत कमी होत जाते. एप्रिल-मे महिन्यांत जेथे पारा ४२ अंशांवर जातो, तेथे पत्र्याच्या छताखाली ठेवलेल्या कॅनमध्ये महिन्याभराने काय उरले असेल, याची खात्री देता येत नाही. म्हणून छोटे कॅन घ्यावेत, ते अपारदर्शक असावेत, खोलीतल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावेत, आणि पातळ केलेले द्रावण रोज सकाळी नव्याने करून त्यावर तारीख लिहावी. कालच्या बादलीत आज थोडे ताजे हायपो मिसळण्याची काटकसर करू नये. रक्त सांडले तर त्यावर आधी कापड किंवा कापूस टाकून मग हायपो ओतावे, वीस-तीस मिनिटे थांबावे आणि नंतर पुसावे. नुसते पुसून घेतल्यास रक्त सगळ्या फरशीवर पसरते.

आता त्या वासाविषयी. वर्णनावरून तो क्लोरीन वायू असावा. फरशीवर किंवा मोरीत हायपो असताना त्यावर संडास साफ करण्याचे ॲसिड ओतले की हा वायू ताबडतोब तयार होतो. सफाई करणाऱ्या मावशींना यात दोष देता येत नाही, कारण त्यांच्या घरी आणि इतर कामांवर ॲसिड व ब्लिचिंग पावडर शेजारी-शेजारीच असतात आणि हे कोणी त्यांना सांगितलेले नसते. लॅबमध्ये आम्लाचे प्रकारही बरेच असतात. जुन्या साहली पद्धतीने हिमोग्लोबिन पाहणारे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. क्षयाच्या स्लाइडसाठी २० ते २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल लागते. ज्या लॅबमध्ये हिमोग्लोबिनसाठी ड्रॅबकिनचे द्रावण वापरतात, त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या द्रावणात पोटॅशियम सायनाइड असते. प्रमाण थोडे असले तरी आम्लाशी संयोग झाल्यास त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघतो, म्हणून ड्रॅबकिनच्या वापरलेल्या ट्यूबा आम्लाच्या बादलीत कधीही टाकू नयेत. सल्फ्युरिक आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल हळूहळू सोडावे, आम्लात पाणी कधीच ओतू नये.

या सर्वांवरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे लेबल. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत मिथेनॉल, फॉर्मेलीन किंवा आम्ल भरून ठेवण्याचा प्रकार आम्हाला सर्वाधिक भीतिदायक वाटतो. अशी बाटली कोणत्याही कारणाने लॅबमध्ये राहता कामा नये.

प्रश्न : रिएजंटच्या (तपासणीच्या रसायनांच्या) फ्रिजमध्ये पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या तर काय बिघडते? त्या बंद असतात. (सहायक, लातूर)

बाटली बंद असते, पण तिचा बाहेरचा भाग आणि ती उचलणारा हात बंद नसतो. त्याच कप्प्यात सीरमच्या ट्यूबा असतात. शिवाय दर दहा मिनिटांनी दार उघडल्याने फ्रिजचे तापमान चढते आणि रिएजंट खराब होतात. लातूरच्या उन्हाळ्यात गार पाणी हवेच. त्यासाठी बाहेरच्या खोलीत माठ ठेवावा.

प्रश्न : माझी लॅब व्यापारी संकुलातल्या एका गाळ्यात आहे. समोर काचेचे दार, आत एसी, खिडकी नाही. थुंकीचे नमुने तपासताना मला क्षयाचा धोका किती? (तंत्रज्ञ, बीड)

स्लाइड तयार करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे तुलनेने कमी जोखमीचे काम मानले जाते. कल्चर (नमुन्यातून मुद्दाम वाढवलेले जंतू) हाताळणे त्याहून पुष्कळ धोक्याचे असते आणि ते योग्य जैवसुरक्षा कॅबिनेटशिवाय (हवा गाळून सोडणाऱ्या बंदिस्त पेटीशिवाय) करूच नये. तुमच्या गाळ्यातला मोठा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. रुग्ण आत येऊन, काचेचे दार लावून घेऊन, तेथेच खोकून बेडका काढत असेल, तर त्याने हवेत सोडलेले सूक्ष्म थेंब तो गेल्यावरही तरंगत राहतात आणि एसी तीच हवा खोलीत फिरवत राहतो. म्हणून थुंकीचा नमुना नेहमी मोकळ्या हवेत, गच्चीवर किंवा संकुलाच्या मागच्या बाजूला, इतरांपासून दूर उभे राहून द्यायला सांगावे. स्वच्छतागृहात पाठवू नये, कारण ती जागा सर्वांत कोंदट असते. भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवावा आणि टेबल असे ठेवावे की हवा तुमच्या पाठीकडून येऊन नमुन्यावरून बाहेर जाईल; पंखा पाठीमागे असेल तर तीच हवा तुमच्या नाकावरून जाते. नमुन्याचा डबा हळू उघडावा, लाकडी काडीने स्मिअर (स्लाइडवर नमुन्याचा पातळ थर) करावा, स्लाइड हवेत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच ज्योतीवरून फिरवावी. ओल्या बेडक्यासह तारेचा लूप थेट ज्योतीत धरला तर तो तडतडतो आणि थेंब उडतात. साधा सर्जिकल मास्क तुमच्यापासून इतरांचे रक्षण करतो. तुम्हाला स्वतःसाठी एन-९५ लागेल, आणि तोही गालाला नीट चिकटलेला.

सेंट्रीफ्यूजचा, म्हणजे ट्यूबा वेगाने फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या यंत्राचा, प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण बंद खोलीत तो विचारायला हवा होता. ट्यूब फुटल्याचा आवाज आला तर यंत्र बंद करावे आणि झाकण अर्धा तास उघडू नये. यंत्र थांबल्यावर फुटलेली ट्यूब दिसली, तरी झाकण पुन्हा लावून तेवढाच वेळ थांबावे, म्हणजे आत उडालेले सूक्ष्म थेंब खाली बसतात. काचा चिमट्याने उचलाव्यात, बोटांनी नव्हे. समोरासमोरच्या ट्यूबांचे वजन सारखे ठेवले, तर हा प्रसंग क्वचितच येतो.

प्रश्न : आमच्या भागात जनावरे पाळणारे रुग्ण बरेच येतात. ब्रुसेलोसिसचा (जनावरांपासून माणसांना होणाऱ्या जिवाणूजन्य तापाचा) धोका लॅबलाही असतो असे ऐकले. (तंत्रज्ञ, उदगीर)

आपण ऐकले ते खरे आहे, आणि देवणी व लाल कंधारी गाईंच्या या पट्ट्यात हा प्रश्न विचारला गेला याचे आम्हाला समाधान वाटते. प्रयोगशाळेत काम करताना लागणाऱ्या जिवाणूजन्य आजारांत ब्रुसेलोसिस जगभर वरच्या क्रमांकावर आहे. रक्ताच्या कल्चरमध्ये हा जिवाणू सावकाश वाढतो, सूक्ष्मदर्शकाखाली अगदी बारीक दिसतो आणि स्वयंचलित यंत्रेही कधी कधी त्याला भलतेच नाव देतात. तोवर तंत्रज्ञाने प्लेट उघडून तिचा वास घेतलेला असतो. वासावरून जिवाणू ओळखण्याची ही कला जुन्या पिढीकडून आली आहे. ती सोडून द्यावी. तपासणीच्या अर्जावर रुग्णाचा व्यवसाय, कच्च्या दुधाचे सेवन आणि गोठ्यात अलीकडे गाय गाभडली होती का, हे लिहिण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरावा. संशय असल्यास प्लेट कॅबिनेटबाहेर उघडू नये. संपर्क झालाच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन आठवड्यांची प्रतिजैविके घेतात आणि पुढचे सहा महिने तापावर लक्ष ठेवतात. कालवडींना ब्रुसेलाची जिवंत लस टोचणाऱ्या पशुवैद्यकांनाही हाच सल्ला लागू आहे, कारण ती सुई हाताला लागून आजार झाल्याचे प्रसंग नोंदले गेले आहेत.

प्रश्न : डोळ्यांत रसायन गेल्यास पंधरा मिनिटे पाण्याने धुवावे असे सांगतात. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते. (लॅबचालक, धाराशिव)

पुस्तकात नसलेला, पण आपल्या भागात खरा असलेला हा प्रश्न आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तेव्हा लॅबमध्ये वाहते पाणी असेलच हे गृहीत धरता येत नाही. डोळे धुण्याच्या यंत्रासाठी मिनिटाला किमान दीड लिटर प्रवाह धरतात. पंधरा मिनिटांना २२ ते २३ लिटर होतात. म्हणून तोटी असलेला २५ लिटरचा एक झाकणबंद कॅन डोक्याच्या उंचीवर ठेवून त्याला छोटी रबरी नळी जोडावी. त्यातले पिण्यायोग्य पाणी दर आठवड्याला बदलावे. काढलेले पाणी फेकू नये, फरशी पुसायला वापरावे. तो कॅन टंचाईच्या दिवसांतही दुसऱ्या कामाला हात लावू नये असा राखीव असावा. डोळा धुताना पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात, कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढावी, आणि आम्ल गेले असेल तर त्यावर खाण्याच्या सोड्याचे पाणी घालण्याचा प्रयोग करू नये. क्षयाच्या स्लाइड रंगवण्याच्या कार्बोल फुक्सिनमधील फिनॉल त्वचेवर पडल्यास सुरुवातीला फारसे दुखत नाही, कारण ते त्या जागेची संवेदनाच घालवते; दुखत नाही म्हणून थांबू नये.

प्रश्न : आमच्या गल्लीतील एका लॅबचा कचरा मागच्या मोकळ्या जागेत पडतो. मुले त्यातल्या सिरिंज घेऊन पाणी उडवत खेळतात. तक्रार कोठे करावी? (गृहिणी, हिंगोली)

प्रथम मुलांविषयी. त्यांच्यापैकी कोणाला सुई टोचली असेल, तर पहिल्या उत्तरात सांगितलेले सर्व त्यांनाही लागू आहे. जखम धुऊन त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्यावे आणि लसीकरणाचे कार्ड सोबत घ्यावे.

२०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार प्रत्येक लॅबला, तेथे एकही खाट नसली तरी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र लागते. रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सुई काढलेल्या सिरिंज, प्लास्टिकच्या ट्यूबा आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काचेच्या वस्तू निळ्या खोक्यात, अशी विभागणी कचरा निर्माण होतो त्याच जागी करायची असते. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक ठेवता येत नाही आणि तो सामाईक प्रक्रिया केंद्राच्या गाडीतच द्यावा लागतो. नगरपालिकेच्या घंटागाडीत तो टाकणेसुद्धा नियमबाह्य आहे, मग मोकळ्या जागेची गोष्टच सोडा.

तक्रारीपूर्वी लॅबचालकाला एकदा समक्ष भेटावे, असे आम्ही सुचवतो. पुष्कळदा मालक गाडीचे पैसे भरत असतो आणि गाडी गल्लीत न आल्याने कामगार पिशवी मागे टाकून देतो. भेटूनही फरक पडला नाही, तर दिनांकासह छायाचित्रे काढून नगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे एकाच दिवशी लेखी अर्ज द्यावा, आणि दोन्हींच्या पोचपावत्या घ्याव्यात. छायाचित्रे दुरूनच काढावीत. पुरावा म्हणून सिरिंज गोळा करून कार्यालयात नेऊ नयेत. गेल्या वर्षी दुसऱ्या गावच्या एका वाचकाने तसे केल्याचे आम्हाला कळवले होते, तेही साध्या कापडी पिशवीतून.